रखमाबाईंनी चोरलेला गुलाब

आमच्या सासूबाई चोर आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. लिहायला बसण्याआधी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "लिही. पन खताचं प्रमान चुकवू नको, लोक वाचून झाडं मारतील." म्हणजे चोरीपेक्षा बाईंना खताची काळजी. आता अशा माणसापुढे काय बोलणार?

नाव रखमाबाई दिवाकर राऊत, वय त्र्याहत्तर, उंची पाच फुटांच्या आत. आवाज मात्र थेट माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जाणारा. माझं माहेर अर्नाळ्याचं, समुद्राच्या वर आवाज काढून बोलायची आम्हाला सवय. तरी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी हात टेकले. आमच्या वाडीत एकेकाळी केळी होती, पानवेल होती, मोगरा होता. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि मधे आमचं कौलारू घर, विहीर आणि साडेसहा गुंठे जमीन राहिली आहे. विहिरीमागे केळीची रांग आहे, बाकी सगळीकडे गुलाब. एकशे बारा झाडं, सगळी हायब्रीड टी. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, चहात घालायचा काही प्रकार असेल. तसं नसतं. लांब दांडीवर एकच मोठं फूल, कळी टोकाशी निमुळती, पाकळ्या मागे वळलेल्या, असा तो गुलाब असतो.

गुलाबाची बाग म्हटल्यावर पाहुणे छाती भरून श्वास घेतात आणि लगेच नाकाला रुमाल लावतात, कारण आमच्याकडे झाडांना सुक्या मासळीचं खत घालतात. ते माझ्याच माहेराहून पोतं भरून येतं, त्यामुळे वासाबद्दल तक्रार करायची मला सोय नाही. तर लिहून टाकते: झाडाला दोन मुठी, बुंध्यापासून हातभर लांब, आणि वर माती ओढायची. बुंध्याशी घालू नये. झालं समाधान, आई?

दुसरी एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. असा गुलाब दोन झाडांचा मिळून बनतो. खाली रानगुलाबाचा खुंट, चिवट, कशातही जगणारा. त्या खुंटाच्या सालीत बारीक चीर पाडायची. मग चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, सालीसकट सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. जमलं तर महिन्याभरात डोळा फुटतो. मग वरचा रानटी भाग छाटून टाकला की वाढतं ते चांगलं झाड. याला डोळा भरणं म्हणतात. सासूबाई अर्ध्या ब्लेडने डोळा भरतात, आणि शंभरातले नव्वद जगतात. मी भरलेले पाच होते. पाचही मेले. त्यावर त्यांनी जे भाषण दिलं ते मी इथे लिहीत नाही.

त्यांचा नियम असा की फूल कोणाला तोडून द्यायचं नाही, पण डोळा मागेल त्याला द्यायचा. वाडवळ असो, ख्रिश्चन असो, नव्या बिल्डिंगमधले गुजराती असोत, कोणी फांदी मागितली तर ओल्या फडक्यात गुंडाळून मिळते. वर कसं लावायचं याचा अर्धा तास क्लास, फुकट. आमच्या भागातल्या निम्म्या दारांत सासूबाईंच्या गुलाबाची लेकरं आहेत.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की या बाईला कोणी डोळा नाकारला तेव्हा तिला तो अपमान का वाटला ते कळावं.

नाकारणारे होते जोसेफ अंकल. आमच्या आळीत, वाटेवरच्या दगडी क्रूसाच्या पलीकडचं तिसरं घर. माझे सासरे आणि ते जिवाभावाचे मित्र. अंकल मोगरावाले. आयुष्यभर मोगरा लावला, छाटला, खुडला आणि दादरला पाठवला. गुलाबातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांच्या बायकोकडे, फिलोमिना आंटींकडे, एक गुलाब होता. आंटींची बहीण मठात सिस्टर होती, तिने तो बेंगळुरूहून आणून दिलेला. नावाची चिठ्ठी वाटेत गळून पडली, त्यामुळे सगळे त्याला फिलोमिनाचा गुलाबच म्हणायचे. आतून सायीच्या रंगाचा, कडांना गुलाबी, आणि वास पिकलेल्या पेरूचा. असा गुलाब वसईत दुसरा नव्हता.

सासूबाईंनी त्याचा डोळा तीनदा मागितला. तिसऱ्यांदा अंकल म्हणाले, "सगळ्यांच्या दारात झाला की माझ्या बायकोचं काय राहिलं?" खरं सांगू? मला हे बोलणं पटतं. माणसाने बायकोसाठी एक गोष्ट राखून ठेवली तर बिघडलं कुठे? हे मी एकदा सासूबाईंना बोलून दाखवलं, तर दिवसभर माझ्याशी अबोला. संध्याकाळी म्हणाल्या, "नाही देनारे आपन कोन? झाड वाढतं ते वाटायला." आणि पुन्हा अबोला.

बावीस वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी, अख्खी आळी चर्चमध्ये सातच्या मिस्साला गेलेली असताना रखमाबाई राऊत यांनी जोसेफच्या कुंपणातून आत जाऊन वीतभर फांदी कापली. तीन डोळे मिळाले. तिन्ही भरले. एक जगला.

अंकलना गुलाबातलं कळत नसेल, पण कापलेली फांदी दिसत होती. ब्लेडने कापलेली, तिरकी, सफाईदार. असा हात आळीत एकाच माणसाचा. संध्याकाळी क्रूसाजवळ पाच-पंचवीस माणसं जमलेली असताना त्यांनी सासूबाईंना चोर म्हटलं. माझे सासरे मधे पडले. म्हणाले, ती नाही म्हणते ना, मग नाही. अंकल म्हणाले, मग कुरसावर हात ठेवून सांगू दे. आणि सासूबाईंनी क्रूसावर हात ठेवून सांगितलं, की मी घेतलेला नाही. तुम्ही म्हणाल, हिंदू बाईला क्रूसाची कसली भीती? वसईत येऊन राहा, मग कळेल. आमच्या आळीत बारसं झालं की बाळाला आधी देवीपुढे घालतात आणि मग त्या क्रूसापुढे.

शपथ घेतली म्हटल्यावर लोकांनी अंकलनाच धारेवर धरलं. एका फांदीसाठी चांगल्या घरच्या बाईवर आळ घेतो, म्हणाले. क्रूसाची देखभाल त्यांच्याकडे होती, ती त्यांनी स्वतःहून सोडली, आणि आमच्या घरचं येणंजाणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी फिलोमिना आंटी एकट्याच आल्या, नवऱ्याच्या वतीने माफी मागायला. सासूबाईंनी त्यांना चहा करून पाजला. कसा पाजला असेल, त्यांनाच माहीत. त्याच वर्षी भर पावसाळ्यात माझे सासरे हार्टअटॅकने गेले. एक्कावन्न वर्षांचे होते. अंकल खांदा द्यायला आले, आणि न बोलता परत गेले.

हे मला लग्नानंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. झाडाचं मात्र मी स्वतः शोधलं. केळीच्या रांगेमागे, जिथे विहिरीच्या मोटरशिवाय काही नाही, तिथे एक गुलाब होता. तजेलदार, पुरुषभर उंच, आणि एकही फूल नाही. मला वाटलं, सावलीमुळे असेल. मग एका सकाळी पाहिलं, तर सासूबाई त्याच्या कळ्या खुडत होत्या. आता, मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या खुडतात आणि मधली ठेवतात. त्या मधलीही खुडत होत्या. हिरव्या, वाटाण्याएवढ्या, रंग दिसायच्या आत. मी विचारलं, तर म्हणाल्या, रोगट आहे. रोगट झाड त्यांनी कधी दोन दिवस ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पिच्छा सोडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं. फूल उमललं तर वास सुटेल, वास सुटला तर आळीला कळेल. म्हणून बावीस वर्षं त्या झाडाला पाणी, खत, छाटणी सगळं वेळच्या वेळी, पण एक फूल उमलू दिलं नाही. ज्या फुलासाठी चोरी केली ते त्यांनी स्वतःच्या झाडावर एकदाही पाहिलं नाही.

मी म्हटलं, मग उपटून टाका ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेले.

सहा वर्षांपूर्वी फिलोमिना आंटी गेल्या. त्यानंतर त्यांचा गुलाब फुलायचा बंद झाला. अंकल सगळ्यांना सांगायचे, फिलू गेली आणि तिच्या झाडाने फुलणं सोडलं. झाड वाढत होतं, भिंतीवर चढलं, हिरवंगार होतं, पण कळी धरत नव्हतं. लोक ऐकून गहिवरायचे. चर्चमधल्या बायका ते झाड बघायला यायच्या. मीही एकदा बाहेरून बघून डोळे पुसले, उगाच खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी अंकलनी घर बिल्डरला द्यायचं ठरवलं. मुलगा रेमंड बोळिंजला कॉम्प्लेक्समध्ये राहतो, पाचव्या मजल्यावर, त्याच्याकडे जायचं नक्की झालं. आणि डिसेंबरात एका सकाळी जोसेफ अंकल आमच्या दारात उभे. बावीस वर्षांनी. मी इतकी गडबडले की त्यांना बसा म्हणायच्या आधी पाणी आणलं आणि ते सांडलं.

अंकल बसले नाहीत. सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, मार्चमध्ये घर पाडतील. बुंधा मनगटाएवढा झालाय, उपटला तर जगनार नाही. तू डोळा भरून दे. कुंडीत नेईन." जरा थांबून म्हणाले, "दुसऱ्या कोनाचा हात त्याला लागू देनार नाही मी."

ज्या हाताला चोर म्हटलं तोच हात मागायला माणूस आला होता. सासूबाईंनी पदर खोचला, फडकं ओलं केलं आणि निघाल्या. मी मागे. क्रूसावरून जाण्याऐवजी त्यांनी आळीला वळसा घातला. बाजाराला जातानाही त्या तशाच जातात, मला सवय होती.

झाडापाशी गेल्यावर त्यांनी एक पान हातात घेतलं. मग दुसरं. मग खाली वाकून बुंधा पाहिला आणि माती बोटाने बाजूला केली. मी एव्हाना त्यांच्याकडून एवढं तरी शिकले होते, की चांगल्या गुलाबाच्या पानाला बहुतेक पाच पाती असतात आणि खुंटाच्या पानाला सात. मी मोजली. सात. दुसरं पान मोजलं, तेही सात. सगळ्या भिंतीवर सात-सात.

तो फिलोमिनाचा गुलाब नव्हताच. तो खालचा रानगुलाब होता, आमच्या हवेत कळी न धरणारा. बुंध्यावर जुनी करवतीची खूण होती, जमिनीपासून चार बोटांवर, डोळा भरतात त्या जागेच्याही खाली. सासूबाईंनी विचारलं, फिलोमिना गेली त्या वर्षी छाटलंस का रे? अंकल म्हणाले, हो, झाड सुकल्यासारखं दिसत होतं, म्हणून चांगलं खालून छाटलं, मोगरा छाटतो तसं. मोगरा खालून छाटला की जोमाने फुटतो. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, त्यांचा हात तसाच चालणार. बायकोचा गुलाब त्यांनी स्वतःच्या हाताने उडवला, आणि सहा वर्षं खुंटाला पाणी घालून, ते झाड शोक करतं आहे, असं समजत राहिले.

माझ्या जिभेवर आलं होतं. सासूबाईंनी माझ्या पायावर पाय दिला. चार फांद्या कापल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि म्हणाल्या, बघते.

घरी येऊन फांद्या खताच्या खड्ड्यात टाकल्या. मी मागे लागले. मी म्हटलं, आई, यात विचार कसला करताय? केळीमागच्या झाडाचा डोळा घ्या, भरा, द्या त्यांना. त्यांना त्यांचं फूल मिळेल, त्यांना वाटेल त्यांच्याच झाडाचं आहे, तुमची शपथ झाकली जाईल, सगळं गोड. कोणाला कळणार? सासूबाई म्हणाल्या, मला. मी म्हटलं, तुम्हाला तर बावीस वर्षं कळतंच आहे. हे मी बोलायला नको होतं. पण मी बोलते, माझा स्वभावच तो.

संध्याकाळी त्या विहिरीमागे गेल्या आणि मी सुचवलं होतं तेच केलं. सहा खुंटांवर सहा डोळे भरले. सगळे जगले. मार्चमध्ये अंकल कुंडी घेऊन बोळिंजला गेले, जाताना सासूबाईंचे दोन्ही हात धरून उभे राहिले. सासूबाई दुसरीकडे बघत होत्या. त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. भावेश, म्हणजे माझा नवरा, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी उन्हाचं कारण सांगितलं.

आमच्या आळीत मे महिन्यात क्रूसाजवळ संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते. शेवटच्या शनिवारी सगळे येतात, आमची हिंदू घरंही जातात, नंतर उकडलेले चणे वाटतात. सासूबाई बावीस वर्षांत गेल्या नव्हत्या. या वर्षी अंकलनी बोळिंजहून फोन केला, की वहिनीला घेऊन ये, मला काम आहे. मी अक्षरशः ओढत नेलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला आभार मानायचे असतील, मानू देत की.

प्रार्थना संपल्यावर अंकल पुढे आले. हातात गुलाब. आतून सायीच्या रंगाचा, कडांना गुलाबी, ओंजळभर मोठा. पहिलंच फूल, सकाळी बाल्कनीत उमललं होतं. सगळ्या माणसांमध्ये पेरूचा वास पसरला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या फुलाकडे बघत होत्या. बाकी कुणी तिथे आहे हे त्यांना दिसतच नव्हतं.

अंकल म्हणाले, माझ्या फिलूचं झाड सहा वर्षांनी फुललं. या बाईच्या हाताने फुललं. बावीस वर्षांपूर्वी मी इथेच उभं राहून तिला चोर म्हटलं होतं. कुरसावर हात ठेवायला लावला. त्याची आज मी सगळ्यांसमोर माफी मागतो. आणि तो सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखत असताना, तिच्यापुढे वाकायला लागला.

सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून वर उचललं. मला कळलं, आता काय होणार. मी डोळे मिटून घेतले, कारण हा सल्ला माझा होता.

"वाकू नको," त्या म्हणाल्या. "मी चोरलं होतं, जोसेफ. तू खरं बोलत होतास. मी इथे हात ठेवून खोटं बोलले. हे फूल मी चोरलेल्या झाडाचं आहे, माझ्या केळीमागे आहे ते."

आवाज त्यांचा नेहमीचाच, रिक्षा स्टँडपर्यंत जाणारा. अंकल हातातल्या फुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, माझ्या झाडाचं काय झालं? तू तर माझ्या झाडाच्या फांद्या नेल्यास.

आता सांगतील, मला वाटलं. करवत, मोगरा, चार बोटं, सगळं. आपल्या अपराधाला समोरच्याचाही एक अपराध जोडून दिला की ओझं कमी होतं. मी असते तर जोडला असता.

"तुझं झाड फिलोमिनाच्याच वर्षी गेलं," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याबरोबरच गेलं. खाली उरला तो नुसता खुंट."

छाटणीचं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. आजतागायत बोललेल्या नाहीत. अंकलना वाचायला चष्मा लागतो आणि मराठी वाचनाचा त्यांना कंटाळा आहे, म्हणून मी इथे लिहायचं धाडस केलं. आळीतल्या कोणी त्यांना हे वाचून दाखवलं तर माझ्याशी गाठ आहे.

लोकांमध्ये कुजबूज सुरू झाली होती. रेमंडने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, तो अंकलनी झटकला. म्हणाले, कुरसावर हात ठेवून खोटं बोललीस. सासूबाई म्हणाल्या, हो. अंकल म्हणाले, बावीस वर्षं मला आळीने खोटा ठरवला. सासूबाई म्हणाल्या, हो. मग त्या जे बोलल्या ते मी कधी ऐकलं नव्हतं. भावेशनेही नाही.

"त्याची शिक्षा मला तेव्हाच मिळाली," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत मानूस नेला माझा. मी खोटं बोलले आणि तो गेला. पोरांना कोनत्या तोंडाने सांगू, की तुमचा बाप मी मारला?"

क्रूस टाळून वळसा का घालतात, आता मला समजलं. मी इतकी वर्षं समजत होते की लाजेने.

राग जोसेफ अंकलच्या चेहऱ्यावर दिसत होता, तो गेला नव्हता. मग त्यांनी ते फूल क्रूसापुढे ठेवलं आणि वळले.

"वहिनी, खोट्या शपथेसाठी देव मानसं न्यायला लागला असता," ते म्हणाले, "तर माझी फिलू त्याने कशाला नेली? ती तर जन्मात खोटं बोलली नाही."

सासूबाई उभ्या होत्या तिथेच क्रूसाच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. पदर तोंडात धरून, मोठ्याने. सासरे गेले तेव्हा भावेश वीस वर्षांचा होता. तेव्हा आई रडली नाही, हे त्याने मनात धरून ठेवलं होतं, मलाही कधी सांगितलं नव्हतं. तो गर्दीतून पुढे आला आणि पायरीवर तिच्या बाजूला बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाबांसाठी रडतेस ना?" सासूबाईंनी मानेनेच हो म्हटलं. माणसं चणे घेऊन त्या दोघांच्या बाजूने वाट काढत जात होती, आणि माय-लेक तिथेच बसून राहिली.